पूरपट्ट्यातल्या आरोग्य केंद्रात औषधसाठा किती आणि कुठे ठेवावा?

प्रश्न थोडक्यात असा: "कृष्णाकाठच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी म्हणून मी नुकतीच रुजू झाले. केंद्राखाली सहा उपकेंद्रं आहेत, त्यांतल्या तिघांचा रस्ता पुरात तुटतो. २०१९ आणि २०२१ मध्ये औषधांचे फार हाल झाले असं सगळे सांगतात, पण जुन्या नोंदवह्यांत तसं काहीच दिसत नाही. पावसाळ्यासाठी नेमका किती साठा मागवू? तीन महिन्यांचा बफर पुरेल का?"

तीन महिन्यांचा बफर, म्हणजे राखीव साठा, ठेवा, त्याबद्दल वाद नाही. पण तुमच्या भांडारात तीन महिन्यांचा माल आहे आणि पलीकडच्या गावाला पाण्याने वेढा घातलाय, तर त्या गावापुरता तुमचा साठा शून्य. ई-औषधीवर (औषधसाठ्याच्या सरकारी संगणकीय नोंदीत) शिल्लक भरघोस दिसेल, वरचे अधिकारी फोनवर "साठा आहे ना?" विचारतील, तुम्ही "आहे" म्हणाल आणि ते खोटंही नसेल. शिरोळ, पलूस, मिरज या पट्ट्यात २०१९ च्या ऑगस्टमध्ये राबलेल्या कोणालाही विचारा. औषध एका काठावर आणि माणसं दुसऱ्या काठावर, हेच दुखणं होतं. शिवाय महामार्ग पाण्याखाली गेल्याने पुण्याकडून येणारा मालही वाटेत अडकला. २०२१ च्या जुलैतही महामार्ग बंद पडला. म्हणून मी आधी साठा कुठे ठेवायचा ते सांगतो, मग किती.

पहिलं काम जूनच्या पहिल्या आठवड्यातलं. प्रत्येक उपकेंद्राच्या गावी जाऊन एकच माहिती काढा: नदीची पातळी किती झाली की रस्ता बंद होतो? सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. हे आकडे रोज जाहीर होतात. पण तुमच्या गावाचा ओढा किंवा सखल पूल त्याच्या कितीतरी आधी बुडतो. कोतवाल, पोलीस पाटील, दूध गोळा करणारा टेम्पोवाला यांना हे तोंडपाठ असतं. "आयर्विनला अमुक फूट झालं की आमचा पूल गेला", असं ते बिनचूक सांगतात. तो आकडा भांडाराच्या दारावर खडूने लिहा. त्याच्या तीन-चार फूट आधी औषधांच्या पेट्या त्या गावात पोचलेल्या हव्यात. धोका पातळीची वाट बघत बसलात तर पेटी जीपमध्येच राहील. कोयनेचा आणि वारणेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की तुमच्या हातात थोडेच तास असतात, आणि त्या तासांत रुग्णवाहिका, जीप, चालक हे सगळे गरोदर बायांना हलवण्यात गुंतलेले असतात. औषधांना गाडी मिळत नाही.

आता पेटीत काय घालायचं. इथे बहुतेक जण उपकेंद्राच्या नेहमीच्या यादीतलं थोडं थोडं सगळं भरतात. तसं करू नका. वजनाचा विचार करा. पाचशे मिलीच्या वीस सलाईन बाटल्यांच्या खोक्यात नुसतं द्रवच दहा लिटर, म्हणजे दहा किलोच्या वर वजन. बोटीत माणसं, पाणी, जेवणाची पाकिटं असताना असं खोकं कोणी घेत नाही, आणि घेऊही नये. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला जादा माणसं भरलेली बोट उलटून किती जीव गेले ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा जड माल, म्हणजे आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाईनच्या बाटल्या, जंतुनाशकाचे कॅन, ऑक्सिजन सिलिंडर, हे रस्ता चालू असतानाच पलीकडे गेलं पाहिजे. ओआरएसची पाकिटं, गोळ्यांच्या स्ट्रिप्स, क्लोरीनच्या गोळ्या हलक्या. गरज पडली तर त्या नंतर बोटीनेही जातात. साठा तोकडा असेल तर सलाईनचा मोठा वाटा तुटणाऱ्या गावांकडे आधी ढकला आणि हलका माल केंद्रात राखून ठेवा.

पेटी म्हणजे झाकणाचा प्लास्टिकचा ड्रम किंवा क्रेट. खोका नको, ओल लागली की त्याचा लगदा होतो. आतली प्रत्येक वस्तू वेगळ्या जाड पिशवीत, तोंड मेणबत्तीवर किंवा सीलिंग मशीनवर बंद केलेलं. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा: नाव, नग, बॅच, मुदत. दुसरी प्रत आरोग्य सेविकेकडे, तिसरी तुमच्याकडे. मुदत संपत आलेला माल या पेटीत कधीच घालू नका. "तसंही वापरलं जाईल" म्हणून दोन महिन्यांची मुदत उरलेला माल लोक पुराच्या पेटीत सरकवतात. पूर आला नाही तर ती पेटी दिवाळीपर्यंत कोणी उघडत नाही, आणि मग निर्लेखनाचे, म्हणजे बाद माल हिशोबातून काढायचे, कागद तुम्हालाच करावे लागतात. पुराच्या पेटीत लांब मुदतीचा माल, जवळच्या मुदतीचा रोजच्या ओपीडीत. सप्टेंबर सरला की पेटी परत आणून माल ओपीडीत फिरवायचा.

ही पेटी उपकेंद्राच्या इमारतीतच ठेवायची असं नाही. २०१९ च्या पाण्याची खूण बऱ्याच इमारतींच्या भिंतींवर अजून दिसते. ती खूण खिडकीच्या वर असेल तर तिथे माल ठेवण्यात अर्थ नाही. गावातली दुमजली शाळा, देवळाची गच्चीवरची खोली, सेवा सोसायटीचं वरचं गोदाम यांपैकी एक जागा सरपंच आणि ग्रामसेवकाशी बोलून नक्की करा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र घ्या. किल्ली दोघांकडे असावी. एकाच माणसाकडे किल्ली असेल तर ते माणूस नेमकं त्या दिवशी माहेरी किंवा मिरजेला असतं.

आता 'किती'. नेहमीच्या औषधांसाठी मागचा खर्च बघून सरासरी काढायची पद्धत ठीक आहे. पुराच्या औषधांना ती लागू पडत नाही, कारण एरवी ती लागतच नाहीत. डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाचंच बघा. समजा तुमच्या केंद्राची लोकसंख्या ३०,००० आहे आणि पुराच्या गावांत त्यातले १२,००० लोक राहतात. त्यांतले चार हजार मोठी माणसं पाण्या-चिखलातून ये-जा करणार, जनावरं सोडवणार, घरं धुणार. लेप्टोच्या (पुराच्या दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधासाठी आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या दोन कॅप्सूल, तीन आठवडे. चार हजार गुणिले दोन गुणिले तीन, म्हणजे २४,००० कॅप्सूल. तुमच्या नोंदवहीत महिन्याला पाचशे कॅप्सूलचा खर्च असेल. तीन महिन्यांचा बफर म्हणून तुम्ही दीड हजार मागवाल आणि त्या पहिल्या दिवशी दुपारपर्यंत संपतील. कोणाला द्यायच्या, किती आठवडे द्यायच्या हे वैद्यकीय अधिकारी आणि जिल्ह्याची सूचना ठरवेल. गरोदर बाया आणि आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सी देत नाहीत, त्यांच्यासाठी ॲझिथ्रोमायसिनचा वेगळा हिशोब लागतो. पण ही सूचना ऑगस्टमध्ये येते आणि माल मेमध्ये मागवायचा असतो. २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर लेप्टोची साथ आली, २०१८ मध्ये केरळने पुरानंतर गावोगाव डॉक्सी वाटली. ही गोष्ट आता अनपेक्षित राहिलेली नाही. त्यामुळे माणसं मोजून मागणी करा आणि मागणीपत्रावर हा गुणाकार लिहा. नुसता २४,००० चा आकडा बघून वरचं कार्यालय त्यावर लाल पेन फिरवतं. गुणाकार दिसला तर निदान फोन तरी येतो.

ओआरएस आणि झिंकचंही तसंच. जुलाब झालेल्या एका मुलामागे दोन पाकिटं आणि १४ झिंक गोळ्या, हा हिशोब सोपा आहे. पुरात मात्र मी पुराच्या गावातल्या प्रत्येक घरामागे दोन पाकिटं आधीच आशाताईंकडे देतो. वेढा पडल्यावर आशाताईही तिच्या गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाऊ शकत नाही.

एका औषधाला मात्र हा 'आधीच वाटून ठेवा' नियम उलटा लागतो: सर्पदंशावरचं प्रतिविष, म्हणजे एएसव्ही. पुरात साप घरात, झाडावर, छावणीच्या गवतात येतात आणि प्रत्येक उपकेंद्र कुपी मागतं. समजा तुमच्याकडे ३० कुप्या आहेत. सहा ठिकाणी पाच-पाच वाटल्यात तर कुठेच एका रुग्णाचा पहिला डोससुद्धा पुरा होणार नाही, कारण विषबाधेची लक्षणं असलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या लागतात आणि नंतर आणखी लागू शकतात. शिवाय एएसव्हीची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ॲड्रेनॅलिन आणि डॉक्टर जवळ नसताना ती कुपी तिथे असून उपयोग नाही. डॉक्टर मुक्कामी असलेल्या एक किंवा दोन ठिकाणीच साठा एकवटा आणि गावकऱ्यांना रुग्ण कुठे न्यायचा ते आधीच सांगून ठेवा. पावडर स्वरूपातली कुपी असेल तर बरं, ती थंड जागी फ्रीजशिवाय टिकते. द्रवरूप असेल तर २ ते ८ अंश सेल्सिअस सांभाळावं लागतं. आणि त्या पेटीत कोरड्या, स्वच्छ काचेच्या चार-सहा परीक्षानळ्या ठेवा. रक्त वीस मिनिटांत गोठतं का बघायची चाचणी काचेच्या नळीतच करायची असते, प्लास्टिकच्या नळीत निष्कर्ष चुकतो. नळी नाही म्हणून चाचणी झाली नाही आणि चाचणी नाही म्हणून बिनविषारी दंशाला दहा कुप्या गेल्या, असं सहज घडतं.

आता थंड साखळीबद्दल, म्हणजे लसी आणि औषधं ठरावीक थंडाव्यात ठेवण्याबद्दल. लसींची काळजी कोल्ड चेन सांभाळणारे घेतातच, आयएलआर (लसींचा खास फ्रीज) वीज गेल्यावरही बराच वेळ थंडावा धरून ठेवतो. पाणी केंद्राकडे येतंय असं दिसलं तर लसी उंचावरच्या शेजारच्या केंद्राच्या आयएलआरमध्ये हलवायच्या. तो निर्णय लवकर घ्यायचा. हलवताना आइस पॅक फ्रीजरमधून काढून लगेच पेटीत घालू नका. बाहेर ठेवा, त्यावर पाण्याचे थेंब सुटू देत, कानाजवळ हलवल्यावर आत पाणी खळखळल्याचा आवाज येऊ दे, मग भरा. नाहीतर पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लसी गोठतात आणि गोठलेली लस बाद. घाईत लसी गरमीने कमी आणि गोठून जास्त जातात, असं माझं मत आहे.

पण तुमची खरी जबाबदारी आहे तो औषध भांडारातला साधा घरगुती फ्रीज. आयएलआरमध्ये लसींशिवाय दुसरं काही ठेवायचं नसतं, त्यामुळे ऑक्सिटोसिन, इन्सुलिन, द्रवरूप एएसव्ही याच फ्रीजमध्ये असतं, आणि वीज गेल्यावर तो काही तासांत गरम होतो. त्याची कोणी तापमान नोंद ठेवत नाही. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला ऑक्सिटोसिन लागतं आणि दोन दिवस गरम राहिलेली ॲम्प्युल दिसायला तशीच दिसते. एक जुना व्हॅक्सिन कॅरियर (लसी न्यायची थंड पेटी) या तीन औषधांसाठी राखून ठेवा, आइस पॅकसकट. इन्सुलिनही गोठवायचं नाही, हे लक्षात असू द्या.

रक्तदाब, मधुमेह, फिट्स, मानसिक आजार, क्षयरोग, एचआयव्ही यांच्या गोळ्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. पूर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जुलाब आणि सर्पदंश येतात. छावणीत दुसऱ्या दिवसापासून रांग लागते ती रोजच्या गोळीवाल्यांची. लोक घर सोडताना जनावरं, कागदपत्रं, दागिने घेतात. गोळ्यांची पिशवी खिळ्याला तशीच राहते. मंगल कार्यालयात टेबल मांडून बसा, पहिल्याच तासात एक आजी येणार: "सकाळची पांढरी बारकी गोळी द्या." पांढरी बारकी गोळी रक्तदाबावरच्या ॲम्लोडिपिनची असते, थायरॉइडचीही असते, आणखी चार औषधांची असते. केसपेपर वाहून गेलेला, मुलगा जनावरांबरोबर दुसऱ्या छावणीत. अशा वेळी रंगावरून गोळी ओळखू नका. रक्तदाब मोजणं, साखर बघणं, डॉक्टरांनी ठरवणं, हे सगळं दोनशे जणांच्या रांगेत करायचं तर संध्याकाळ होते. त्यावर उपाय जूनमध्येच आहे: असंसर्गजन्य आजारांच्या नोंदणीतून गावनिहाय यादी कागदावर छापून घ्या, नाव, वय, औषध, मात्रा. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून एक प्रत आरोग्य सेविकेकडे, एक तुमच्या पेटीत. आजीचं नाव यादीत सापडलं की डॉक्टरांचं काम निम्म्यावर येतं.

त्याहून चांगला उपाय म्हणजे रांगच लागू न देणं. तुटणाऱ्या तीन गावांतल्या नोंदणीकृत रुग्णांना जूनअखेर दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या. यावर आक्षेप येतो: "एवढ्या गोळ्या हातात दिल्या तर हरवतील, विकतील, हिशोब कसा लावणार?" मी म्हणतो, कोविडच्या टाळेबंदीत एचआयव्हीच्या रुग्णांना एकाच वेळी काही महिन्यांच्या गोळ्या दिल्या गेल्याच होत्या. वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून गावांची नावं घालून लेखी आदेश घ्या, वाटपाच्या वहीवर रुग्णाची सही किंवा अंगठा घ्या, म्हणजे लेखापरीक्षणात अडचण येत नाही. आणि आशाताईंना सांगा, गोळ्यांची पिशवी रेशन कार्ड-आधार कार्डाच्या पिशवीतच ठेवायला लावा. ती पिशवी कोणी विसरत नाही. क्षयरोगाच्या बाबतीत तालुक्याच्या क्षयरोग पर्यवेक्षकांशी बोलून घ्या. २०२४ च्या सुरुवातीला देशभर या गोळ्यांची टंचाई झाली आणि केंद्राला मार्चमध्ये राज्यांना तीन महिन्यांच्या स्थानिक खरेदीची मुभा द्यावी लागली, तेव्हा तिथला साठा गृहीत धरू नका.

जाता जाता एक गोष्ट, कोणी उघडपणे बोलत नाही म्हणून. रोज दारू पिणाऱ्यांची दारू छावणीत अचानक बंद होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, भास, फिट्स सुरू होतात आणि लोक म्हणतात "पुराच्या धक्क्याने डोकं फिरलं". डायझेपाम किंवा लोराझेपाम, थायमिनची इंजेक्शनं आणि ती वापरणारा डॉक्टर, एवढं जवळ असू द्या.

छावण्या सुरू झाल्या की मागणी फुगते. प्रत्येक ठिकाणचा कर्मचारी दुप्पट मागतो. त्याचंही चुकत नाही, उद्या गाडी येईल याची त्याला खात्री नसते. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिविरचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच ते वापरू नका अशी शिफारस केली होती, तरी भीतीने मागणी इतकी वाढली की वाटप जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात घ्यावं लागलं. भीतीवर आदेशाने इलाज होत नाही, नियमित पुरवठ्याने होतो. मी असं करतो: प्रत्येक छावणीला दोन दिवसांपुरता माल, आणि रोज संध्याकाळी सहा वाजता फोनवर फक्त सहा वस्तूंची शिल्लक. ओआरएस, पॅरासिटामॉल, डॉक्सी, ॲम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, क्लोरीनच्या गोळ्या. सहाच. तीस वस्तूंचा तक्ता मागवलात तर थकलेली आरोग्य सेविका अंदाजे आकडे टाकते, आणि अंदाजे आकड्यावर तुम्ही गाडी पाठवता. जेवढं संपलं तेवढं दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवा. दोन दिवस असं बिनचूक झालं की तिसऱ्या दिवशी मागणी आपोआप खरी होते.

वीज नाही, नेटवर्क नाही, तेव्हा ई-औषधी नाही. पावसाळ्यात १ आणि १५ तारखेला साठ्याची छापील प्रत काढून ठेवा. पुराच्या काळात क्रमांक घातलेल्या कार्बन कॉपीच्या पावतीपुस्तकावर माल द्या. नंतर नोंदी भरताना सगळा खर्च एकाच तारखेला टाकायचा मोह होतो. तो टाळा, पावतीच्या तारखेप्रमाणे भरा. का ते पुढे सांगतो.

देणगीच्या औषधांवर दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण महाराष्ट्रात माणसं मदतीला धावतात आणि ट्रकच्या ट्रक येतात. त्यात डॉक्टरांना मिळालेले नमुने, अर्ध्या वापरलेल्या स्ट्रिप्स, मुदत कापलेल्या पट्ट्या, उघडी सिरप असतात. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात सुमारे ४,००० टन औषधं आली, त्यांतली बरीचशी तिथल्या यादीत नसलेली, परक्या भाषेतल्या लेबलांची, आणि ती नष्ट करायचा खर्च पुन्हा तिथल्या लोकांच्या माथी. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष सोपा आहे: पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. दारावरच एक माणूस बसवा. फक्त बंद मूळ वेष्टनातलं, मुदत असलेलं, आपल्या यादीतलं घ्या. त्याची वेगळी नोंदवही. बाकी हात जोडून परत. परत पाठवताना वाईट वाटतं, पण ते वर्गीकरण करायला तुमचे दोन माणसं तीन दिवस अडकतात आणि तेच तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे असतात. लोकांना काय हवंय ते आधीच सांगितलं तर ते तेच आणतात. सॅनिटरी पॅड, हातमोजे, टॉर्च, मच्छरदाण्या अशी यादी ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका.

स्थानिक खरेदीचा ठराव रुग्ण कल्याण समितीच्या मे महिन्याच्या सभेत घ्या, दरपत्रकंही तेव्हाच मागवा. पुरात सभा होत नाही. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायतीची जबाबदारी, तरी पिशव्या बघून या: क्लोरीनचं प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपास हवं, २० च्या खाली गेलेली पावडर वापरू नये, आणि दमट खोलीत तोंड उघडी पडलेली पिशवी लवकरच तिथे पोचते.

पाणी ओसरलं की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि उरलेला माल जिल्ह्याला परत करायची घाई सुरू होते. परत करू नका. लेप्टोची लक्षणं दिसायला साधारण पाच ते चौदा दिवस लागतात, म्हणजे ताप तुमच्याकडे येतो तो घरं धुऊन झाल्यावर. डेंग्यू त्याच्याही मागून. गाळ काढताना पत्रा, काच, खिळे लागतात. टीडीची इंजेक्शनं तेव्हा लागतात. आणि चिखल्या! छावणीतली आणि नंतरच्या महिन्याभरातली सर्वात मोठी ओपीडी त्वचेची असते: चिखल्या, खरूज, नायटा. क्लोट्रिमाझोलचं मलम पहिल्या आठवड्यात संपतं आणि मग लोक काय काय चोळतात ते बघवत नाही. मलमाला कोणी जीवरक्षक म्हणत नाही म्हणून ते मागणीपत्रात तळाला जातं. तुम्ही ते वर घ्या.

पुराचं पाणी लागलेला माल बाद धरायचा, स्ट्रिप वरून धड दिसली तरी. उन्हात वाळवून परत रॅकवर ठेवायचा नाही. फोटो, बॅच, नग, पंचनामा, मग जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या वर्गात विल्हेवाट आणि निर्लेखनाचा प्रस्ताव. पंचनामा पहिल्या आठवड्यात करा. महिन्यानंतर केलात तर "एवढ्या दिवसांत काय झालं कशावरून?" हा प्रश्न येतो.

आता तुमच्या प्रश्नातला तो भाग: नोंदवहीत काहीच का दिसत नाही. औषध संपलं त्या दिवशी नोंदवहीत खर्च शून्य पडतो, आणि वर्षाअखेरीला तो शून्य गरज शून्य असल्यासारखा मोजला जातो. एक उदाहरण बघा. एका औषधाच्या तीन महिन्यांत ६,००० गोळ्या खर्च झाल्या. सरासरी काढणारा म्हणेल महिन्याला २,०००. पण त्या ९० दिवसांतले ३० दिवस ते औषध शिल्लकच नव्हतं. म्हणजे ६,००० गोळ्या ६० दिवसांत गेल्या, महिन्याची खरी गरज ३,०००. वर्षाला १२,००० गोळ्यांचा फरक, आणि तो दरवर्षी वाढत जातो, कारण कमी मागणी, कमी पुरवठा, जास्त दिवस शून्य, पुढच्या वर्षी आणखी कमी मागणी. पुराचं वर्ष तर दुहेरी बुडतं: ऑगस्टमध्ये औषध नसल्याने शून्य, आणि उशिरा भरलेल्या नोंदी सगळ्या एका तारखेला. पावतीच्या तारखा पाळा म्हटलं ते यासाठीच. बाहेरून आणायला लिहून दिलेल्या चिठ्ठ्या तर कुठेच नोंदल्या जात नाहीत.

म्हणून आजच एक साधी शंभर पानी वही घाला: तारीख, औषध, किती रुग्णांना देता आलं नाही, किती नग लागले असते. ओपीडी संपल्यावर पाच मिनिटांचं काम. दर महिन्याच्या सरासरीत शिल्लक नसलेले दिवस वगळून भागाकार करा. जुन्या दोन पुरांचा अंदाज हवा असेल तर २०१९ आणि २०२१ चे छावण्यांचे केसपेपर अजून कपाटात असतील, ते उपसा; नाहीतर त्या वेळच्या आरोग्य सेविकांना एकत्र बसवा, कोणतं औषध कितव्या दिवशी संपलं ते त्यांना नोंदवहीपेक्षा चांगलं आठवतं. तो तक्ता, माणसं मोजून केलेला गुणाकार आणि या वहीच्या प्रती मागणीपत्राला जोडा, मेच्या पहिल्या आठवड्यात जिल्हा औषध भांडारात स्वतः नेऊन द्या, आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.